टँक म्हणजे टाकीच, पण कशी?

अहिल्यानगरच्या छावणीत आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलनं १९९४ साली उभारलेलं रणगाडा संग्रहालय आहे. तिथल्या लोखंडी धुडांना ‘टँक’ का म्हणायचं, याची दोन उत्तरं ठरलेली: दिसायला टाकीसारखे म्हणून, नाहीतर पोटात डिझेलची मोठी टाकी असते म्हणून. दोन्ही चूक.

खरं कारण लपवाछपवीचं आहे. १९१५ साली ब्रिटिश नौदल खात्यानं ‘जमिनीवरची जहाजं’ बनवण्यासाठी समिती नेमली. हे नाव बाहेर फुटलं असतं तर सगळंच फुटलं असतं. म्हणून लिंकनच्या कारखान्यात सांगितलं गेलं, की मेसोपोटेमियातल्या फौजेसाठी पाण्याच्या फिरत्या टाक्या बनताहेत. काहींवर तर रशियन अक्षरांत ‘जपून, पेट्रोग्राड’ असंही रंगवलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या रणांगणावर गुपित उघडं पडलं. नाव मात्र तेच राहिलं.

दुसरा गैरसमज आपल्या घरातला. ‘टाकी’ हा शब्द म्हणे इंग्रजी ‘टँक’वरून आला! उलट, सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज प्रवाशांच्या लिखाणात ‘टँक’ म्हणजे पाणी साठवायचा तलाव किंवा हौद. गुजरातीत टांकुं, मराठीत टाकं. अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर कातळात खोदलेली टाकी बघा, इंग्रजांची गलबतं सुरतेला लागण्याच्या कितीतरी आधीची आहेत ती. मुंबईच्या बाणगंगेलाही इंग्रजीत टँकच म्हणतात.

पण म्हणून ‘टँक हा शंभर टक्के मराठी शब्द’ अशी छाती फुगवायचंही कारण नाही. पोर्तुगीजांकडे ‘तांके’ होताच, पाणी अडवणे या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला. एकाच किनाऱ्यावर दोन्ही शब्द कानी पडले आणि एकमेकांत मिसळले, हे मला जास्त पटतं. कोशकारही दोन्ही मुळं सांगतात.



रणगाड्यासाठी रशियनांनी ‘टँक’ शब्द जसाच्या तसा घेतला, जर्मनांनी चिलखतावरून ‘पान्झर’ म्हटलं. फ्रेंच मात्र त्याला ‘शार’ म्हणतात, म्हणजे रथ किंवा गाडा. आपल्या रणगाड्याच्या सर्वांत जवळचे तेच.