डब्यावरचे उड्डाण-तास

आमच्या हाउसच्या छंद मंडळाकडे सध्या नऊ उड्डाण-तास आहेत. त्यासाठी एकही कॅडेट विमानात बसलेला नाही. हे तास एका खाकी पाकिटात आहेत आणि पाकीट हाउस लायब्ररीच्या कपाटात कुलपाआड आहे. कुलूप का लागलं ते पुढे सांगतो, कारण त्यात चूक माझी आहे.

एअरफिक्स ही प्लॅस्टिकची मॉडेल किट बनवणारी ब्रिटिश कंपनी. निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थांनी ती १९३९ मध्ये सुरू केली आणि २००६ पासून ती हॉर्न्बीच्या ताब्यात आहे. आमच्याकडच्या डब्यांवर एका बाजूला ‘फ्लाइंग अवर्स’चा आकडा छापलेला आहे. लहान विमानाच्या डब्यावर कमी तास, मोठ्या बॉम्बरच्या डब्यावर जास्त. ते कापून जमवायचे, पुरेसे झाले की कंपनीच्या क्लबकडे पाठवायचे आणि बदल्यात किट घ्यायचं. वैमानिकाच्या लॉगबुकातले तास दुसऱ्याला देता येत नाहीत, हे मात्र सगळ्यांनी मिळून जमवता येतात. आमचे बरेचसे डबे माझ्या लेस्टरच्या आत्याने पाठवलेले आहेत. कापलेले तुकडे आम्ही तिलाच पाठवणार आहोत, पुढचं ती बघणार आहे.

मी सुटीत सातारला हे सांगितलं तेव्हा बाबांना १९९९ चा विश्वचषक आठवला. तेव्हा बिस्किटांच्या पुड्यांवर धावा छापलेल्या असत आणि शंभर धावा झाल्या की एक पुस्तिका मिळे. बाबांनी महिनाभर नावडती बिस्किटं खाल्ली होती. मी म्हटलं, “पण आमचं किट फुकट मिळणार आहे.” आई हिशेब तपासनिसांच्या ऑफिसात काम करते. ती म्हणाली, “फुकट नाही रे. त्याचे पैसे तू आधीच दिलेत.”

मग तिने कागदावर करून दाखवलं. समजा किटची किंमत १००० रुपये आहे आणि त्याच्या डब्यावरचे तास ५० रुपयांच्या मोलाचे आहेत. म्हणजे दुकानदाराने तुला दोन गोष्टी विकल्या: एक किट आणि एक वचन. मिळून मोल १०५०, पण तू दिलेस १०००. ते त्याच प्रमाणात वाटले तर किटचे सुमारे ९५२ आणि वचनाचे सुमारे ४८. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या ‘इंड एएस ११५’ या हिशेबाच्या नियमात हेच सांगितलं आहे. ते ४८ रुपये कंपनीला विक्रीच्या दिवशी कमाई म्हणून दाखवता येत नाहीत. ग्राहक तास वटवेल किंवा मुदत संपेल तेव्हाच ती कमाई धरतात. किती लोक कधीच काही पाठवणार नाहीत याचाही अंदाज कंपनी आधीच बांधते. त्याला ‘ब्रेकेज’ म्हणतात. डबा रद्दीत टाकणारा प्रत्येक जण त्या अंदाजात आधीपासून धरलेला असतो, हे ऐकून मला जरा अपमान वाटला.

वचनाला किंमत असते हे ब्रिटनमध्ये कायद्यानेही मानलं होतं. १९५८ मध्ये रिचर्ड टॉम्पकिन्स यांनी ‘ग्रीन शील्ड’ नावाची तिकिटं सुरू केली. खरेदीवर तिकिटं मिळत, ती पुस्तिकेत चिकटवायची आणि पुस्तिका भरल्या की वस्तू घ्यायच्या. लोकांच्या घरात तिकिटांचे ढीग साचले. १९६४ च्या कायद्याने अशा प्रत्येक तिकिटावर त्याचं रोख मोल छापणं सक्तीचं केलं, म्हणजे हातात नक्की काय आहे ते ग्राहकाला कळावं. पुढे १९७३ मध्ये त्याच टॉम्पकिन्स यांनी पैसे घेऊन वस्तू विकणारी आर्गोसची दुकानं काढली.

आता आमचा प्रश्न. मंडळाला नॅट विमान हवं आहे. १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांनी नॅटमधूनच शत्रूच्या सेबर विमानांशी झुंज दिली, हे इथल्या प्रत्येक कॅडेटला पाठ आहे. (एअरफिक्सचं १:७२ मधलं नॅट दोन आसनी प्रशिक्षण विमान आहे, सेखोंचं एक आसनी लढाऊ होतं. यावरून आमच्यात दोन तट आहेत. मी दुसऱ्या तटात आहे, पण मत द्यायचा हक्क मी सध्या गमावला आहे.) थोडे तास कमी पडतात तेव्हा कोणीतरी म्हणतंच, “अजून एक किट घेऊन टाकू.” ते किट आपल्याला नाहीतरी बनवायचंच असेल तर घ्यावं. नुसत्या तासांसाठी घेतलं, तर त्या एका किटची पूर्ण किंमत हीच ‘फुकट’ नॅटची किंमत झाली. आम्ही मतदान घेतलं आणि थांबायचं ठरवलं.

आणि मग मी घोळ केला. टर्मच्या मध्यावर लॉकर तपासणी होती. रिकामे डबे जागा खातात म्हणून मी सुटे भाग पिशव्यांत भरले आणि चार डबे कचऱ्यात टाकले. तास कापायचे राहिले. पाच तास गेले, त्यातले दोन सातवीतल्या एका कॅडेटचे होते. त्याने स्वतःच्या वाढदिवसाचं किट मंडळाला दिलं होतं. मी दोन दिवस कोणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी प्रेप संपल्यावर त्यानेच विचारलं, “भैया, माझे तास पाकिटात टाकलेत ना?”

माझ्या घरी सातारला एक न उघडलेलं किट होतं. आईने ते पार्सलने पाठवलं. त्यावरचे दोन तास मी त्याच्यासमोर कापून त्याच्या नावावर लिहिले. उरलेले तीन अजून माझ्याकडून येणं आहे.

तेव्हापासून मंडळात काही गोष्टी पक्क्या झाल्या. डबा उघडला की गोंदाच्या नळीला हात लावायच्या आधी तास कापायचे, कडेला बोटभर पुठ्ठा ठेवून, म्हणजे आकडा फाटत नाही. अशा योजनांत झेरॉक्स चालत नाही, मूळ तुकडाच लागतो, म्हणून फोटो काढून ठेवला तरी तुकडा सांभाळावाच लागतो. पाकिटावर तारीख, तास आणि देणाऱ्याचं नाव लिहायचं. दर टर्मच्या सुरुवातीला नियम आणि मुदत पुन्हा वाचायची, कारण ते कंपनी बदलू शकते. पाठवताना साध्या टपालाने नाही, नोंद होणाऱ्या टपालानेच. पालकांना एक विनंती: मुलाच्या खोलीतले रिकामे डबे रद्दीत देण्याआधी ते चारही बाजूंनी बघा.

कपाटाची किल्ली आता सातवीतल्या त्या कॅडेटकडे असते.