मेजावरचे माथेरान

नेरळहून माथेरानास जाणारी, १९०७ साली सुरू झालेली २ फुटी रुळांची गाडी प्रतिकृतीरूपाने घरी आणू पाहणाऱ्याने प्रथम हिशेब मांडावा: सुमारे २१ किलोमीटरांचा तो मार्ग १:७६ प्रमाणात उतरविला तरी पावणेतीनशे मीटर जागा मागतो; तेव्हा ‘वॉटर पाइप’ स्थानकाच्या आसपासचा एखादाच तुकडा निवडणे इष्ट.

या प्रमाणात २ फूट म्हणजे ८ मिलिमीटर. परंतु बाजारात सुलभ असलेला रूळ ९ मिलिमीटरांचा, आणि तो वस्तुतः १:१६० प्रमाणातल्या मोठ्या रेल्वेसाठी घडविलेला. त्या प्रमाणातल्या गाड्यांचीच चाके व यंत्रणा उसनी घेऊन तीवर थोराड डबा चढवावयाचा, ही या छंदातली सर्वमान्य लबाडी होय, आणि मिलिमीटरभर तफावतीबद्दल तक्रार गुदरणारा रसिक मला तरी अरसिकच वाटतो. त्या रुळाचे दाट, बारीक स्लीपर मात्र डोळ्यांस खुपतात. ते विरळ असलेला खास रूळ घ्यावा.

लहान इंजिनांस ९ इंच त्रिज्येचे वळणही चालते. चढाची बाब निराळी. मूळ घाटातला २० फुटांस १ फूट चढ मेजावर तसाच ठेविला, तर हलके इंजिन चाके जागीच फिरवीत राहते; सबब त्याच्या पोटात शिसे भरावे, डबे दोन-तीनच जोडावे, आणि चढ सौम्य करून उरलेली उंची प्लास्टरच्या कड्यांनी भासवावी.