इलेक्ट्रिक बोट: भर खाडीत बॅटरी संपू नये म्हणून काय करायचं?

ई-स्कूटरची बॅटरी रस्त्यात संपली, तर गाडी ढकलत घरी नेता येते. पण ओहोटीच्या वेळी खाडीत बोटीची बॅटरी संपली, तर बोट पाण्याबरोबर थेट समुद्राकडे जायला लागते.

केरळमध्ये २०१७ पासून 'आदित्य' ही ७५ प्रवाशांची सौर बोट चालते. आता चार-पाच जणांच्या छोट्या बोटींनाही इलेक्ट्रिक मोटर लावता येते. आवाज नाही, धूर नाही. पण तिचं गणित डिझेलच्या बोटीपेक्षा वेगळं आहे. ते समजून घेऊया.

बॅटरी किती वेळ चालते?

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,२०० वॅट-अवर ऊर्जा असते. लेड-अ‍ॅसिड बॅटरी असेल तर त्यातली निम्मीच वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतली ८० ते ९० टक्के वापरता येते. म्हणजे ५०० वॅटची मोटर पूर्ण जोरात चालवली, तर पहिलीवर जेमतेम तासभर आणि दुसरीवर साधारण दोन तास मिळतात.

लिथियममध्ये एक गोम आहे. तिचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सारखाच राहतो आणि मग एकदम कोसळतो. त्यामुळे फक्त व्होल्टमीटर बघून अंदाज बांधू नका. किती अँपिअर-अवर खर्च झाले हे मोजणारा मीटर बसवा.

हळू गेलं तर लांब जाता येतं?

हो. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला वेग थोडा वाढवायलाही खूप जास्त शक्ती लागते. उलट मोटरची शक्ती निम्मी केली, तर वेग साधारण पाचव्या हिश्शानेच कमी होतो. बॅटरी मात्र दुप्पट वेळ चालते. म्हणजे तेवढ्याच चार्जिंगमध्ये सुमारे दीडपट अंतर कापता येतं.

मग परत कधी फिरायचं?

साधा नियम: एक तृतीयांश बॅटरी जायला, एक तृतीयांश यायला आणि उरलेली राखीव.

पण प्रवाह असेल तर हिशोब बदलतो. समजा बोटीचा वेग ताशी ६ किलोमीटर आणि ओहोटीचा ३. प्रवाहाबरोबर तुम्ही ताशी ९ ने जाता, परत येताना फक्त ३ ने. म्हणजे परतीला तिप्पट वेळ! म्हणून भरती-ओहोटीच्या वेळा बघा आणि शक्यतो आधी प्रवाहाच्या विरुद्ध जा.

देखभाल काय करायची?

- खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटर गोड्या पाण्याने धुवा.
- अधूनमधून पंखा काढून मागे बघा. तिथे मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळली गेली, तर सील कापलं जाऊन मोटरमध्ये पाणी शिरतं.
- मोटरवर जस्ताचा तुकडा असेल, तर तो निम्मा झिजल्यावर बदला. बाकीचा धातू गंजू नये म्हणून तोच आधी झिजत असतो.
- बॅटरीचे टर्मिनल घट्ट आणि कोरडे ठेवा. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा.
- लेड-अ‍ॅसिड बॅटरी मोकळ्या हवेत चार्ज करा. चार्जिंगच्या वेळी त्यातून हायड्रोजन वायू निघतो.

पावसाळ्यात बोट बंद असेल तर?

बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवा. लेड-अ‍ॅसिड पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा पुन्हा चार्ज करा. लिथियम मात्र साधारण निम्मी भरलेली असताना वायर सोडवून ठेवावी.

आणि हे सगळं केलं तरी वल्ही, नांगर आणि प्रत्येकासाठी लाइफ जॅकेट घेतल्याशिवाय किनारा सोडू नका.