कोकराच्या गालातलं अक्षर

पैदाशीसाठी नर राखायचा म्हटलं की मेंढपाळ कोकराला पुढून-मागून न्याहाळतो. पाय, पाठ, छाती. जत भागातल्या माडग्याळ जातीचं असेल तर बाकदार नाक. या नजरेतून सहसा काही सुटत नाही. मात्र या नराच्या लेकी उद्या एक कोकरू देतील की जुळी, हे त्या नजरेला दिसत नाही. त्या वाढून विईपर्यंत दोन-तीन वर्षं जातात.

हे उत्तर कोकराच्या गालात जन्मापासून असतं. दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. सुंदरबनातली गरोळ मेंढी अंगानं बारीक, पण जुळी-तिळी देते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं गरोळचा हा गुण दख्खनीत उतरवला आणि ‘नारी सुवर्णा’ मेंढी तयार झाली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या कामात सोबत होती. हा गुण ‘फेक-बी’ जनुकातल्या एका अक्षराचा आहे: ‘ए’च्या जागी ‘जी’. २००१ मध्ये ते अक्षर सापडलं आणि नेमकी डीएनए चाचणी शक्य झाली. आई किंवा बाप, कुणा एकाकडून ते आलं तरी जुळ्यांची शक्यता बरीच वाढते.

चाचणीसाठी सहसा मानेच्या शिरेतून रक्त काढतात. त्याला सुई हवी, सरावाचा हात हवा. गालाचा स्वॅब सोपा. कोकरू दोन गुडघ्यांत धरायचं, ओठाच्या कोपऱ्यातून काडी आत घालून गालाच्या आतल्या बाजूवर फिरवत घासायची. लाळेपेक्षा तिथल्या सुटणाऱ्या पेशी महत्त्वाच्या. प्रत्येकीत पूर्ण डीएनए असतो. दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या कळपांसाठी मला हीच पद्धत योग्य वाटते, कारण वाड्यावर मेंढपाळ स्वतः ती शिकू शकतो.

पण मेंढी रवंथ करते. तोंडात चोथा असेल तर काडीवर पाल्याचा आणि जंतूंचाच डीएनए जास्त येतो. दूध पिणाऱ्या कोकराचा प्रश्न आणखी नाजूक: दुधात आईच्या पेशी असतात, म्हणून आधी त्याला काही वेळ आईपासून वेगळं ठेवायचं. काडी ओली असताना प्लॅस्टिकमध्ये कोंबली तर बुरशी धरते. ती सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायची आणि पाकिटावर कानातल्या बिल्ल्याचा नंबर तिथंच, कोकरू सोडण्याआधी, लिहायचा.