सिक्वेन्स थोर की कलर?

लक्ष्मीपूजन आटोपले, फराळाची ताटे उचलली गेली, की गौलीगुड्यातल्या जुन्या मराठी घरांतून पत्त्यांचा जोड बाहेर निघतो. आमच्या शेजारी तीन पानांचा डाव चिंचोक्यांवर चालतो, पैशाला मज्जाव. गेल्या दिवाळीत मात्र त्या चिंचोक्यांनीच घरात वितुष्ट आणले.

काकांनी सत्ती-अठ्ठी-नव्वी मांडून हात पुढे केला, तोच अमेरिकेहून आलेल्या पुतण्याने बदामाची तीन पाने टाकून ढीग ओढला. "कलर सिक्वेन्सला मारतो, काका. तुम्ही इतकी वर्षे चुकीचेच खेळत आलात!" काका काही न बोलता उठले. पाडव्यालाही ते कोणाशी बोलले नाहीत, आणि पुतण्या भाऊबीजेच्या रात्री परत निघणार होता. निवाडा माझ्याकडे आला. मी पडलो गाण्याचा मास्तर. पण मोजदाद आम्हांलाही करावी लागते.

डावाची थोरवी साधारणपणे तो किती दुर्मिळ, यावर ठरते. ५२ पानांतून तीन पाने एकामागून एक उचलण्याच्या तऱ्हा ५२ गुणिले ५१ गुणिले ५०, म्हणजे १,३२,६००. परंतु हाती आल्यावर पानांचा क्रम उरत नाही. सा, रे, ग यांचे जसे सहा प्रस्तार, तसेच तीन पानांचे. म्हणून सहाने भागायचे. उरतात २२,१०० हात. ही विद्या परकी नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त सात स्वरांचे ५०४० प्रस्तार याच रीतीने मोजले आहेत.

आता कलर. एका रंगाच्या १३ पानांतून तिघांचे संच २८६. चार रंगांचे ११४४. सिक्वेन्सच्या रांगा १२, आणि प्रत्येक रांग ६४ तऱ्हांची, एकूण ७६८. दोहोंत मोडणाऱ्या ४८ प्युअर सिक्वेन्स वगळल्या, की कलर १०९६ आणि सिक्वेन्स ७२०. सिक्वेन्स दुर्मिळ, काका खरे!

पण पुतण्या पाच पानांचे पोकर शिकलेला. तेथे रांगेच्या ६४ तऱ्हांच्या १०२४ होतात, म्हणजे सोळापट. एका रंगाचे २८६ संच मात्र १२८७ वर, साडेचार पटींवरच थांबतात. त्यामुळे तेथे सिक्वेन्स १०,२०० आणि कलर अवघे ५१०८. पुतण्याही खोटा नव्हता. त्याने एका खेळाचा कायदा दुसऱ्याला लावला, एवढेच.

भाऊबीजेला दुपारी हा हिशेबाचा कागद मी काकांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि खालच्या ओळीवर बोट ठेवले. तेथे ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८ असे होते.

"मास्तर, मग प्युअर सिक्वेन्स वर हवी. आपण ट्रेल वर धरतो!"

"ती रूढी, काका. हिशेबाला धरून नाही, तरी सगळे ती पाळतात."

काका क्षणभर थांबले, मग खुदकन हसले. "म्हणजे थोडासा मीही चुकतच होतो."

त्यांनी पत्त्यांचा जोड खिशात टाकला आणि ते पुतण्याच्या खोलीकडे वळले. "ऊठ रे, विमानाला वेळ आहे. पण पाने वाटण्याआधी आज कायदा ठरवू," असे ते म्हणताना मला बाहेर ऐकू आले.