खिडकी ॲपची, पान वेबचं

डेस्कटॉप ॲपच्या खिडकीत एचटीएमएल पान दाखवायचं, तर आत एक ब्राउझर इंजिन बसवावं लागतं. विंडोजवर 1990च्या दशकापासून हे काम इंटरनेट एक्स्प्लोररचा वेबब्राउझर कंट्रोल करत आला. फॉर्मवर कंट्रोल ओढायचा, पत्ता द्यायचा, पान हजर. गोम अशी की, संगणकावर एक्स्प्लोरर 11 असला तरी हा कंट्रोल मुळात 7व्या आवृत्तीसारखा वागतो. मग फ्लेक्सबॉक्सने आखलेले रकाने एकाखाली एक कोसळतात आणि स्क्रिप्ट एररची चौकट डोकं वर काढते. रजिस्ट्रीत फीचर ब्राउझर एम्युलेशनखाली ॲपच्या एक्झी फाइलचं नाव आणि 11000 हा आकडा लिहिला, की तो ताळ्यावर येतो; तरी नव्या कामासाठी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

2020 मध्ये मायक्रोसॉफ्टने क्रोमियमवर आधारलेला वेबव्ह्यू2 आणला. नव्या सीएसएसची अडचण मिटली, पण कॅश आणि कुकीज ठेवायला त्याला फोल्डर लागतं आणि ते सहसा एक्झी फाइलशेजारीच तयार होऊ पाहतं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायची परवानगी सामान्य वापरकर्त्याला नसते. म्हणून डेव्हलपरकडे सुरळीत चालणारं ॲप ग्राहकाकडे कोरी खिडकी दाखवतं! उपाय सोपा: फोल्डरची जागा लोकल ॲपडेटामध्ये ठरवून द्यायची. हातात तयार एचटीएमएल मजकूर असेल तर वेबव्ह्यू2ची नॅव्हिगेट-टू-स्ट्रिंग ही मेथड पुरते, मात्र 2 एमबीपर्यंतच.

कंट्रोल स्वतः बसवायचा नसेल, तर तयार फ्रेमवर्कही आहेत. त्यातलं इलेक्ट्रॉन अख्खं क्रोमियम ॲपसोबत बांधून देतं, त्यामुळे साधं घड्याळही शंभर एमबीच्या पुढे जातं. दुसरं फ्रेमवर्क टॉरी सिस्टिममधलंच इंजिन वापरतं: विंडोजवर वेबव्ह्यू2, मॅकवर डब्ल्यूकेवेबव्ह्यू.