बॅटरीवाचून सिगारेट आणि जैनाबादेची वखार

प्रतिवर्षी या स्मरणिकेसाठी आमच्याकडून तुरीच्या आवकेविषयी अथवा बारदानाच्या भावाविषयी चार शब्द मागविले जातात, आणि आम्हीही ते मुकाट्याने लिहून देतो. यंदा मात्र भुसाराबाहेरचा विषय हाती घेतला आहे. व्यापारी बंधूंस नवल वाटेल. परंतु त्यास निमित्त आमच्या वखारीनेच दिले.

तापीच्या पैलतीरी जैनाबादेस आमची एक जुनी वखार आहे. (नावावरून परगावचे पाहुणे ही जैनांची वसाहत समजतात. वस्तुतः हे नाव शेख झैनुद्दीन या सूफी संतावरून पडले. १६३१ मध्ये मुमताजमहलचा देह आग्र्यास नेण्यापूर्वी येथल्याच बागेत दफन केलेला होता. असो.) गेल्या उन्हाळ्यात वखारीची मागली खोली रिकामी असता एक अपरिचित गृहस्थ भाड्याची विचारणा करीत आले. माल हलका, खोकी लहान, आणि भाडे चालू दराच्या दुप्पट! दुप्पट भाडे ऐकून व्यापाऱ्यास जितका आनंद होतो तितकीच शंकाही यावी. खोक्यांत काय आहे, असे आम्ही विचारले. उत्तर आले, "ई-सिगारेट."

आम्ही मान हलविताच गृहस्थ म्हणाले, "शेठजी, ही जुन्या चालीची नव्हे. हिच्यात बॅटरीच नाही, सुपरकपॅसिटर आहे. आगीचे भय नाही, आणि बॅटरी नाही म्हणून ही कायद्यातही बसत नाही." नमुना त्यांनी स्वतःच्या हाती धरूनच दाखविला. बोटाएवढी रंगीत कांडी. वेष्टनावर सहाशे झुरक्यांची हमी. वीज भरण्यास कोठेही छिद्र नाही. ओढावी, संपली की फेकावी.

सुपरकपॅसिटर हा शब्द आम्ही प्रथमच ऐकत होतो. आमचा नातू जळगावी अभियांत्रिकी शिकतो. सुटीत घरी आला होता, त्यास गाठले.

छताच्या पंख्यातील कंडेन्सर आपण सर्वांनी पाहिला आहे. सुपरकपॅसिटर हा त्याचाच थोरला भाऊ होय. पंख्याचा कंडेन्सर साधारणतः अडीच मायक्रोफॅरडचा. अंगठ्याएवढा सुपरकपॅसिटर शंभर फॅरडचा, म्हणजे चार कोटी पट. मात्र पंख्याचा कंडेन्सर ४४० व्होल्ट सोसतो, हा जेमतेम २.७. बॅटरीत रासायनिक क्रियेने वीज साठते. येथे विद्युत्‌भार कोळशाच्या पृष्ठभागास केवळ चिकटून राहतो. तो कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीचा असतो, आणि त्यास इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरांहून अधिक, म्हणजे पाव एकराएवढा भरतो. अशी पहिली रचना जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉवर्ड बेकर यांनी १९५७ मध्ये पेटंट केली. आपल्याकडे कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठात डॉ. चंद्रकांत लोखंडे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या विषयावर वर्षानुवर्षे संशोधन केले आहे, आणि केरळात कन्नूर येथे केल्ट्रॉन या सरकारी कंपनीने २०२४ मध्ये सुपरकपॅसिटरचा कारखाना काढला. तेव्हा वस्तू बनावट नव्हे, हे प्रथमच कबूल केले पाहिजे.

तिचे गुणही मोठे आहेत. दहा अँपियरच्या प्रवाहाने शंभर फॅरडचा घट अर्ध्या मिनिटात भरतो. बॅटरी काहीशे ते हजार-दोन हजार वेळा भरली की थकते. हा लाखो वेळा भरावा आणि रिता करावा. लिथियमची बॅटरी चेपली अथवा तिची दोन टोके आत जुळली तर ती स्वतःच तापत जाते व शेजारणीसही पेटविते. सुपरकपॅसिटरात तसे सहसा होत नाही. म्हणून ई-सिगारेटीत तो बसवावा ही कल्पना मुळीच वेडगळ नाही. अमेरिकेतील तंबाखू कंपन्यांच्या नावे तिची पेटंटे नोंदलेली आहेत.

खोट आहे ती मापात! पन्नास किलोचे पोते हमालाने एक मीटर उचलले तर सुमारे ४९० ज्यूल काम होते. ई-सिगारेटीच्या तारेस दहा वॅट धरले आणि झुरका तीन सेकंदांचा धरला, तर एका झुरक्यास ३० ज्यूल लागतात; म्हणजे तेच पोते सहा सेंटिमीटर उचलावे इतके. आता शंभर फॅरडच्या घटात एकंदर ३६४ ज्यूल मावतात. त्यातील तीन चतुर्थांश काढले की व्होल्टेज निम्म्यावर येते आणि उरलेली वीज तळाच्या दाण्यांप्रमाणे सहजी हाती लागत नाही. उरले २७३ ज्यूल, म्हणजे नऊ झुरके. जवळजवळ त्याच आकाराच्या लिथियमच्या घटात ३२,००० ज्यूल राहतात, म्हणजे हजारावर झुरके. सुपरकपॅसिटर ही दारातली टोपली. बॅटरी हे कोठार.

टोपलीचा उपयोग नाही असे नव्हे. शांघायमध्ये २००६ साली एका मार्गावर सुपरकपॅसिटरच्या बसगाड्या सुरू झाल्या. त्या थांब्यावर उभ्या असतानाच भरून घेत. बसला थांबे असतात. धूम्रपान करणाराने दर नऊ झुरक्यांस कोठे थांबावे? (वैद्य मंडळींस ही गैरसोय आवडेलही.)

नातवाने येथे पेन्सिल ठेवली आणि म्हणाला, "आजोबा, मग त्या कांडीत सहाशे झुरके आले कोठून?" झुरका अगदी हलका, बारा ज्यूलचा धरला तरी बावीसच्या पुढे हिशेब जाईना, आणि पुन्हा भरण्यास छिद्र नाही. शिवाय सुपरकपॅसिटर पडल्या पडल्या गळतो. कारखान्यात भरलेला घट काही आठवड्यांत बराच उतरतो. महिनोन्‌महिने खोक्यात राहून पहिल्या झुरक्यास तयार असलेली कांडी म्हणजे आत लिथियमची बॅटरी असलीच पाहिजे. आमच्या बारदानाच्या थप्प्यांशेजारी असली हजारो खोकी येणार होती! अशाच फेकल्या जाणाऱ्या कांड्यांच्या बॅटऱ्यांनी कचऱ्यात आगी लागू लागल्या, आणि ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदाच वापरावयाच्या ई-सिगारेटींच्या विक्रीवर बंदी घातली. कचरा हे त्याचे एक मुख्य कारण होते.

राहिला कायदा. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला व त्याच वर्षी डिसेंबरात अधिनियम झाला. निर्मिती, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात सर्व बंद. प्रथम अपराधास एक वर्षापर्यंत कारावास अथवा एक लाखापर्यंत दंड अथवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड. परंतु वखारवाल्यांनी वाचावे ते पाचवे कलम. जागेचा मालक अथवा ताबेदार जाणूनबुजून असा साठा ठेवू देईल तर त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा पन्नास हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. माल आपला नसला तरी! आणि व्याख्येत बॅटरीचा उल्लेखच नाही. पदार्थ तापवून ओढण्याजोगा वाफारा करणारे विद्युत् उपकरण, मग निकोटिन असो वा नसो, नाव व आकार कोणताही असो, एवढेच तीत म्हटले आहे. बॅटरीच्या जागी सुपरकपॅसिटर आला, उद्या दुसरे काही आले, तरी सुटका नाही.

आमच्या एका स्नेह्यांचे म्हणणे पडले की आम्ही विचारलेच नसते तर "जाणूनबुजून" हा शब्द आम्हांस लागू झाला नसता. हा युक्तिवाद आम्हांस पटला नाही. चालू दराच्या दुप्पट भाडे घेऊन खोक्यात काय आहे हे ठाऊक नव्हते असे सांगणाऱ्या व्यापाऱ्यावर कोण विश्वास ठेवील?

चार दिवसांनी गृहस्थ पुनः आले. नातवाने तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आकडे वाचले की नाही कोण जाणे. दूरध्वनी करून येतो म्हणून उठले ते परतले नाहीत. खोली दोन महिने रिकामीच राहिली, आणि तेवढे भाडे बुडाले ते बुडाले. हल्ली तेथे हरभऱ्याची पोती आहेत, आणि आमच्या भाडेचिठ्ठीत मालाचे नाव लिहिण्याचा एक रकाना वाढला आहे.